पहिल्या हाकेला ओ देऊ नये : अरबी भुतं आणि रस्त्यावरची भीती

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. हेडफोन जवळ नसेल तर वाचा.)

आजचा विषय कैरो आणि बगदादचा आहे, पण सुरुवात धुळे जिल्ह्यातून करतो, कारण माझं आजोळ तिकडचं.

लहानपणी सुट्टीत गेलो की रात्री ओट्यावर गोधडी टाकून झोपायचं आणि आजी गोष्टी सांगायची. तिची ठरलेली गोष्ट हाकामारीची. रात्री दारात येते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात तुमचं नाव घेऊन हाक मारते. तुम्ही ओ दिली की संपलं. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरी येते का बघायचं. हाकामारी फक्त एकदाच बोलवू शकते.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये मी घरून काम करत होतो. दिवसभर लॅपटॉप, रात्री नेटफ्लिक्स. तेव्हा 'पॅरानॉर्मल' नावाची इजिप्शियन सिरीज नुकतीच आली होती, सहा एपिसोडची. चौथ्या एपिसोडला मी उठून बसलो. त्यातलं भूत म्हणजे नद्दाहा. नाईलच्या काठी, शेतांच्या बाजूला रात्री एक बाई पुरुषांना नाव घेऊन हाक मारते आणि जो जातो तो परत येत नाही. अरबीत नद्दाहा म्हणजे हाका मारणारी. म्हणजे आमच्या आजीची हाकामारीच की!

मग सवयीप्रमाणे रात्री दोनपर्यंत ब्राउझरचे टॅब उघडत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, तीच आज सांगायची आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज भोगतो. एरर मेसेज एका ओळीवर येतो आणि खरी चूक भलत्याच फाइलमध्ये असते. अरबी भुताखेताच्या गोष्टींमध्ये जिन किंवा नद्दाहा बऱ्याचदा तो एरर मेसेज असतो. चूक कुठेतरी रस्त्यावर असते, ब्रेडच्या रांगेत असते, सरकारी रेडिओत असते.

१९६९ च का?

'पॅरानॉर्मल' ही सिरीज अहमद खालेद तौफिक यांच्या पुस्तकांवरून केलेली आहे. तौफिक तांता शहरातले डॉक्टर, तिथल्याच विद्यापीठात शिकवायचे. १९९३ पासून त्यांनी खिशात मावतील अशा छोट्या भयकथा लिहायला सुरुवात केली. मालिकेचं नाव 'मा वरा अल-तबिआ', म्हणजे निसर्गापलीकडचं. २०१४ पर्यंत ऐंशीच्या आसपास पुस्तकं झाली. आपल्याकडे एका पिढीने लायब्ररीतून नारायण धारप आणून पांघरुणात वाचले, तसं तिकडच्या पोरांनी तौफिक वाचले. ते २ एप्रिल २०१८ ला गेले, तेव्हा तांत्यातल्या अंत्यविधीला तरुणांची मोठी गर्दी झाली होती. वाचक त्यांना 'अल-अर्राब' म्हणायचे, म्हणजे गॉडफादर.

त्यांचा हिरो डॉक्टर रिफअत इस्माईल. रक्ताच्या आजारांचा तज्ज्ञ, बारीक, खोकणारा, सिगारेट ओढणारा, सगळ्यांवर तिरकस बोलणारा. भुतावर विश्वास नाही आणि भुतं मात्र याचाच पत्ता शोधत येतात. दिग्दर्शक अम्र सलामाने सिरीजचा काळ ठेवला १९६९. जुन्या गाड्या, जाड चष्मे, छान दिसतं सगळं. पण इजिप्तच्या इतिहासात १९६९ काय होतं ते बघितलं की तो नुसता सेट राहत नाही.

जून १९६७. इस्रायलशी युद्ध झालं आणि सहा दिवसांत इजिप्तचं सैन्य कोसळलं. सिनाई गेलं. वाईट भाग असा की पहिले काही दिवस कैरोचा सरकारी रेडिओ सांगत होता, आपण त्यांची विमानं पाडतोय, आपण जिंकतोय. लोक चहाच्या टपऱ्यांवर टाळ्या वाजवत होते. मग ९ जूनला राष्ट्राध्यक्ष नासर टीव्हीवर येऊन राजीनाम्याची भाषा करतात. नंतर तो त्यांनी मागे घेतला, पण लोकांना कळलं की रेडिओ खोटं बोलत होता, आणि किती खोटं.

आता त्या देशात राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. खिडक्यांच्या काचांना निळा रंग फासलाय, गाड्यांच्या दिव्यांनाही, कारण हवाई हल्ल्याची भीती. सुएझ कालव्याकाठची शहरं रिकामी करून लाखो माणसं आत आणलीत. खरी बातमी कुठून मिळणार? अधिकृत आवाजावरचा विश्वास उडाला की माणूस दुसरे आवाज ऐकायला लागतो. अफवा, चमत्कार आणि अंधारातल्या हाका.

फेब्रुवारी १९६८ मध्ये पराभवाला जबाबदार धरलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना कोर्टाने सौम्य शिक्षा दिल्या. त्यावर हेलवानचे कारखाना कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, मग कैरो आणि अलेक्झांड्रियाचे विद्यार्थी उतरले. नासरच्या राज्यात इतकं मोठं आंदोलन झालेलं नव्हतं. त्यांना खटले परत चालवायचे आदेश द्यावे लागले आणि ३० मार्चला सुधारणांचा कार्यक्रम जाहीर करावा लागला.

आणि तारीख बघा, २ एप्रिल १९६८. कैरोच्या झैतून भागात चर्चसमोरच्या बस गॅरेजमधल्या कामगारांना घुमटावर एक पांढरी आकृती दिसली. आधी वाटलं कुणी बाई उडी मारतेय. मग बातमी पसरली की मरियम माता दिसली. पुढचे कित्येक महिने रात्री तिथे प्रचंड गर्दी व्हायची, ख्रिश्चन होते तसेच मुसलमानही होते. काहींचं म्हणणं होतं, जेरुसलेम आता इस्रायलच्या ताब्यात, आपण तिकडे जाऊ शकत नाही, म्हणून माताच इकडे आली.

मी इथे श्रद्धेवर बोलत नाहीये. ज्याला जे दिसलं ते त्याचं. पण त्याच काळात सीरियाचा विचारवंत सादिक जलाल अल-अझम याने १९६९ च्या 'धार्मिक विचारांची चिकित्सा' या पुस्तकात याच घटनेवर लिहिलं. त्याचा रोख मातेवर नव्हता, तर राज्यकर्त्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्या प्रकाशाचा कसा वापर करून घेतला यावर होता. हरलेल्या आणि चिडलेल्या लोकांची नजर वर घुमटाकडे गेली की समोरच्या माणसाला जाब विचारायचं राहून जातं. या पुस्तकासाठी लेबनॉनमध्ये त्याच्यावर खटला झाला, तो सुटला.

माझा आजचा प्रश्नही तोच आहे. भुताची गोष्ट आपली नजर खऱ्या भीतीकडे नेते, की तिच्यापासून वळवते? दोन्ही होतं. कुठे काय होतं ते बघू.

नद्दाहा शहरात गेली

त्याच १९६९ मध्ये युसुफ इद्रिस यांचा 'अल-नद्दाहा' हा कथासंग्रह आला. इद्रिसही डॉक्टर. आतापर्यंत किती डॉक्टर झाले मोजा, कारण पुढे आणखी येणार आहेत. यातल्या शीर्षककथेत पाण्यातली बाईच नाही. फतहिया नावाची गावातली मुलगी आहे आणि तिला हाक मारतंय कैरो. ती लग्न करून जाते तो माणूस शहरातल्या इमारतीचा दारवान. शहराबद्दल तिने जे स्वप्न बघितलं त्याचं काय होतं, ही ती गोष्ट. पुढे १९७५ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

इद्रिस यांनी काय केलं बघा. भूत तेच ठेवलं, पत्ता बदलला. लाखो लोक गाव सोडून कैरोला जात होते आणि गावाला वाटत होतं की कुणीतरी आपली माणसं नाव घेऊन बोलावतंय. खोटं थोडीच होतं ते? इथे गोष्टीने नजर बरोबर जागी नेली.

ब्रेडचा दर आणि ड्रॅक्युलाचे सुळे

आता सत्तरच्या दशकात येऊ. नासर गेले, सादात आले. १९७४ पासून त्यांनी 'इन्फिताह' म्हणजे अर्थव्यवस्था खुली करायचं धोरण घेतलं. आयात सुरू, परदेशी पैसा सुरू, आखाती देशांत नोकऱ्या. काही लोक एका रात्रीत श्रीमंत झाले. ज्यांचा पगार सरकारी होता, ते तिथेच राहिले.

मग १७ जानेवारी १९७७. आंतरराष्ट्रीय कर्जदारांच्या दबावाखाली सरकारने सबसिडी कापल्याची घोषणा केली. ब्रेड, साखर, चहा, तांदूळ, गॅस महाग. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर. पोलीस चौक्या पेटल्या, नाइट क्लब फुटले, सैन्य बोलवावं लागलं, संचारबंदी लागली. सुमारे ८० माणसं मेली. सरकारने दरवाढ मागे घेतली. सादात यांनी या उठावाला नाव दिलं 'चोरांचा उठाव'. लोक त्याला 'ब्रेडचा उठाव' म्हणतात. एकाच घटनेची ही दोन नावं लक्षात ठेवा.

चार वर्षांनी, १९८१ मध्ये मोहम्मद शिब्ल नावाच्या दिग्दर्शकाने 'अन्याब' हा सिनेमा काढला. अन्याब म्हणजे सुळे. 'रॉकी हॉरर पिक्चर शो' या प्रसिद्ध सिनेमाचा हा इजिप्शियन अवतार. नववर्षाची रात्र, पाऊस, गाडी पंक्चर, लग्न ठरलेलं तरुण जोडपं एका वाड्यात शिरतं, तिथे ड्रॅक्युला. आणि ड्रॅक्युला झालाय कोण, तर अहमद अदविया. हा गायक गल्लीबोळाचा आवाज होता. सरकारी रेडिओ त्याची गाणी लावायचा नाही, पण कॅसेटवर, टॅक्सीत, लग्नात तोच.

सिनेमाच्या मध्यात मजा आहे. निवेदक आपल्याला सांगतो की ड्रॅक्युला फक्त वाड्यात नसतो. आणि मग तोच अदविया रोजच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेशात दिसायला लागतो. नळ दुरुस्तीला येऊन लुबाडणारा प्लंबर, टॅक्सीवाला, खासगी शिकवणीचे पैसे उकळणारा मास्तर. महागाईत रक्त शोषणारे हे सगळे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खूप हसलो. दुसऱ्यांदा बघताना जरा अस्वस्थ झालो. सबसिडी कापली कुणी? मंत्र्याने. कर्जाच्या अटी घातल्या कुणी? बँकेने. आणि सिनेमात सुळे कुणाला फुटले? प्लंबरला. ही पगारदार मध्यमवर्गाची भीती आहे. आपण शिकलो-सवरलो तरी भाड्याच्या खोलीत, आणि हा पाना घेऊन येणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त कमावतोय! म्हणून मला वाटतं 'अन्याब' अर्धा खरा आहे. भीती खरी पकडली, पण बोट खाली दाखवलं, कारण वर दाखवणं अवघड होतं. त्या समाजात वर बोट दाखवायची किंमत होती. १९६७ पासून २०१२ पर्यंत, मधले दीड वर्ष सोडलं तर, इजिप्तमध्ये आणीबाणीचा कायदाच लागू होता.

शिब्ल यांनीच १९८७ मध्ये 'अल-तअवीझा' काढला, म्हणजे मंतरलेला ताईत. यात एक साधं कुटुंब जुन्या घरात राहतं. एका गूढ माणसाला ते घर विकत हवंय. कुटुंब नाही म्हणतं. मग घरात भयंकर गोष्टी सुरू होतात. मला हा सिनेमा जास्त प्रामाणिक वाटतो. जमिनीचे भाव वाढले, जुनी घरं पाडून टॉवर उभे राहायला लागले आणि ज्याच्याकडे ताकद आहे तो तुम्हाला बाहेर काढणारच. पुण्या-मुंबईत जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहिलेल्या कुणालाही यातलं भूत लगेच ओळखता येईल. त्याच्या हातात मंत्र असतो एवढाच फरक.

या सिनेमाच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, कैरोत आणखी एक स्फोट झाला होता. केंद्रीय सुरक्षा दलातली भरती म्हणजे गरीब खेड्यातली पोरं, तीन वर्षांची सक्तीची नोकरी, नाममात्र पगार. अफवा उठली की नोकरी तीनची चार वर्षं होणार. बस. हजारो शिपाई बराकीतून बाहेर पडले, पिरॅमिडजवळची हॉटेलं पेटवली, शेवटी सैन्याने रणगाडे आणून त्यांना आवरलं. ज्यांनी दंगल थांबवायची तेच दंगल करत होते, आणि ठिणगी काय होती, तर एक अफवा. न तपासता ओ दिलेली एक हाक.

पोलीस गायब झाले ती रात्र

अहमद खालेद तौफिक यांनी २००८ मध्ये 'युटोपिया' ही कादंबरी लिहिली. यात भूत नाही. २०२३ सालचा कल्पित इजिप्त आहे. श्रीमंत लोक समुद्रकिनाऱ्यावर कुंपणाच्या आत राहतात, बाकीचा देश बाहेर उपाशी. त्याच वर्षी इजिप्तमध्ये अनुदानित ब्रेडच्या रांगांत मारामाऱ्या होत होत्या आणि ६ एप्रिलला महल्ला या गिरणी-शहरात कामगारांचा उठाव झाला. महल्ला तौफिकांच्या तांत्याच्याच प्रांतात आहे. पंधरा वर्षं भुतं लिहिणाऱ्या माणसाने भूत काढून टाकलं आणि सरळ भिंत लिहिली.

तीन वर्षांनी, २८ जानेवारी २०११, 'संतापाचा शुक्रवार'. लाखो लोक रस्त्यावर, मोबाइल आणि इंटरनेट बंद. आणि त्या संध्याकाळी कैरोच्या रस्त्यांवरून पोलीस नाहीसे झाले. तुरुंग फुटले, कैदी बाहेर. मग प्रत्येक गल्लीने आपापली समिती केली. काठ्या, सुऱ्या, लोखंडी नळ्या घेऊन तरुण पोरं, दुकानदार, म्हातारे रात्रभर नाक्यावर शेकोटी करून बसले. येणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी. त्या रात्रींबद्दल वाचताना दोन्ही गोष्टी सापडतात. अनेकांना आपले शेजारी पहिल्यांदा कळले, ही एक. आणि दुसरी ही की अंधारातून येणारा प्रत्येक माणूस 'बल्तगी' म्हणजे भाडोत्री गुंड वाटत होता.

आता विचार करा, यानंतर भयपट निघाला तर कसला निघेल? इजिप्तमधला या काळातला सगळ्यात गाजलेला भयपट 'अल-फील अल-अझरक', निळा हत्ती. अहमद मुराद यांची कादंबरी २०१२ ची, मरवान हामेद यांचा सिनेमा २०१४ चा. हिरो पुन्हा डॉक्टर, आता मानसोपचारतज्ज्ञ. पाच वर्षांनी तो अब्बासिया मनोरुग्णालयात कामावर परततो, जिथे मानसिक आजाराचा संशय असलेले आरोपी ठेवतात त्या वॉर्डमध्ये. समोर त्याचा जुना मित्र, बायकोच्या खुनाचा आरोपी. मित्र वेडा आहे, नाटक करतोय, की त्याच्या आत कुणी शिरलंय?

म्हणजे रस्त्यावरची भीती आता माणसाच्या शरीरात गेली. २०११ ला चौक भरला होता, २०१४ ला दार बंद करून वॉर्डात बसलोय. मधल्या काळात दोन राष्ट्राध्यक्ष गेले होते, २०१३ च्या ऑगस्टमध्ये राबाच्या चौकात एका दिवसात शेकडो आंदोलक मारले गेले होते आणि निदर्शनांवर कडक कायदा आला होता. सिनेमा यातलं काहीही म्हणत नाही. पण समोर बसलेला ओळखीचा मित्र आता नेमका कोण आहे, हा प्रश्न तेव्हा इजिप्तच्या किती घरांत जेवणाच्या ताटावर बसला असेल! सिनेमा तुफान चालला, २०१९ ला दुसरा भागही आला.

आणि २०२० ला नेटफ्लिक्स आलं तेव्हा गोष्ट गेली कुठे? मागे, १९६९ ला. त्या वर्षाबद्दल बोलायला आता कुणाची हरकत नसते.

पुलावरची अफवा

आतापर्यंत इजिप्तबद्दल बोललो, आता बगदाद. आणि इथे सिरीज नाही, कादंबरी आहे, पण ती सोडून हा विषय पुरा होत नाही. अहमद सादावी यांची 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद', २०१३ ची. पुढच्या वर्षी तिला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या अंतिम यादीत 'निळा हत्ती' सुद्धा होता.

काळ २००५. अमेरिकन सैन्य शहरात, रोज बॉम्बस्फोट. बताविन भागात हादी नावाचा भंगारवाला राहतो. स्फोटानंतर रस्त्यावर पडलेले माणसांचे तुकडे तो गोळा करतो आणि शिवून एक पूर्ण शरीर करतो. कशासाठी? अर्धवट तुकड्यांना कुणी दफन करत नाही, पूर्ण माणूस झाला तर मान मिळेल. पण स्फोटात मेलेल्या एका हॉटेलच्या पहारेकऱ्याचा भटकता आत्मा त्या शरीरात शिरतो. शेजारच्या म्हातारीला, एलिश्वाला, वाटतं की इराण युद्धात हरवलेला तिचा मुलगा परत आला. आणि ते शरीर ज्यांच्या तुकड्यांतून बनलं, त्यांच्या मारेकऱ्यांना मारत सुटतं.

इथे सादावींनी जे केलंय त्याला तोड नाही. एक सूड पूर्ण झाला की त्या माणसाचा तुकडा गळून पडतो. चालत राहायचं तर नवीन मांस पाहिजे. आधी निरपराध माणसांचं मांस, मग मिळेल त्याचं, गुन्हेगारांचंही. शेवटी त्या शरीरात निर्दोष किती आणि दोषी किती, त्यालाच कळत नाही. दंगलीच्या सूडाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. भूत बाहेरून आलेलं नाही, ते सगळ्यांच्या तुकड्यांचं आहे.

आता खरी घटना. ३१ ऑगस्ट २००५, बगदादचा अल-आइम्मा पूल. टायग्रिस नदी ओलांडून शिया भाविक मोठ्या संख्येने काझिमियाच्या दर्ग्याकडे चालले होते. सकाळी गर्दीवर तोफगोळे पडले होते, लोक आधीच हादरलेले. पुलावर कुणीतरी ओरडलं की गर्दीत आत्मघाती हल्लेखोर आहे. हल्लेखोर नव्हता. चेंगराचेंगरीत आणि नदीत पडून साडेनऊशेहून जास्त माणसं मेली. सादावींच्या कादंबरीतही ही घटना येते.

पलीकडच्या अधमिया या सुन्नी वस्तीतले लोक बुडणाऱ्यांना काढायला पाण्यात उतरले. उस्मान नावाचा एक तरुण अनेकांना बाहेर काढून शेवटी स्वतः बुडाला. शहर शिया-सुन्नी यादवीच्या तोंडावर होतं तेव्हाची ही गोष्ट. भयपटात अशी पात्रं सहसा नसतात, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

जिनपेक्षा चुंबनाची भीती

जॉर्डनबद्दल थोडक्यात. १३ जून २०१९ ला नेटफ्लिक्सची पहिली अरबी सिरीज आली, 'जिन'. अम्मानची शाळकरी मुलं सहलीला पेट्राला जातात आणि तिथले जिन जागे होतात. त्यातला यासिन हा वर्गात छळला जाणारा मुलगा आहे, जिन त्याच्या बाजूने उभी राहते. पण जॉर्डनमध्ये वादळ उठलं ते एका चुंबनावरून आणि शिव्यांवरून. मुफ्तींनी निषेध केला, अम्मानच्या सरकारी वकिलांनी सायबर क्राइम विभागाला प्रसारण थांबवायला पावलं उचला असं सांगितलं, कोवळ्या कलाकारांना ऑनलाइन धमक्या आल्या.

बरोब्बर एक वर्ष आधी, जून २०१८ मध्ये, त्याच अम्मानमध्ये नव्या आयकर कायद्याविरुद्ध आणि महागाईविरुद्ध हजारो लोक रात्र-रात्र रस्त्यावर होते. पंतप्रधान हानी मुल्की यांना राजीनामा द्यावा लागला होता. एक जून पगार आणि करांवर, पुढचा जून चुंबनावर. दोन्ही संताप खरेच. पण राज्यकर्त्यांना यातला कुठला सोयीचा, हे वेगळं सांगायला नको. अल-अझम हेच तर म्हणत होता.

आता माझी गोष्ट

हे सगळं मी कैरो-बगदादचं म्हणून सांगतोय, पण अल-आइम्मा पुलाबद्दल वाचताना माझं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. ते न सांगता एपिसोड संपवणं बरोबर नाही.

जून २०१८. आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, साधूच्या, भिकाऱ्याच्या वेशात आहे, सावध राहा. सोबत एक व्हिडिओ. मला बघताक्षणी कळलं की हे फेक आहे. मी इंजिनीयर, मला कळणारच. मी काय केलं? 'ही मावशीपण ना' असं मनात म्हणालो आणि ग्रुप म्यूट केला. मोठ्यांना कोण शिकवणार, म्हटलं.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे भटके लोक. मुलं पळवणारे म्हणून त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फॉरवर्ड करायची मर्यादा पाच चॅटवर आणली. कंपनीने कोड बदलला, पण त्यासाठी माणसं मरावी लागली.

माझ्या एका मेसेजने राईनपाडा थांबलं असतं असं मी म्हणत नाही. तो मेसेज असंख्य ग्रुपवर होता. पण माझ्या ग्रुपवर मी होतो. मावशीला फोन करून 'हे खोटं आहे, पुढे पाठवू नकोस, आलेल्यांनाही सांग' एवढं म्हणायला दोन मिनिटं लागली असती.

मग मी आजीकडे गेलो तेव्हा तिला विचारलं, ही हाकामारीची गोष्ट तुला कुणी सांगितली? म्हणाली, तिच्या आजीने, प्लेगच्या आठवणींसोबत. प्लेगात गाव सोडून लोक रानात झोपड्या टाकून राहायचे. घराघरात माणसं मरत होती आणि रात्री दारावर थाप पडली तर उघडायची भीती वाटायची, ओळखीच्या माणसालाही. हाक ओळखीच्या आवाजात येते, हा त्या गोष्टीतला भाग कुठून आला असेल ते मला तेव्हा कळलं. आणि दुसरी हाक येईपर्यंत थांबायचं, हा नियमही. मेसेज पण तसाच येतो ना, ओळखीच्या माणसाकडून, ओळखीच्या आवाजात.

तर मंडळी, आजचं काम असं. तुमच्या गावात जे भूत सांगतात त्याबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारा, की ही गोष्ट केव्हापासून सांगतात आणि तेव्हा गावात काय चाललं होतं. दुष्काळ, साथ, धरण, दंगल, काही ना काही निघेलच. व्हॉइस नोट करून पाठवा, चांगल्या गोष्टी पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. आणि आजोळचा ग्रुप म्यूट असेल तर काढा. मी काढलाय. मावशी आता काही आलं की पुढे पाठवायच्या आधी मला विचारते, दिवसाला चार-चार वेळा. वैताग येतो, पण उत्तर देतो.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.